भिंतीआधीचे काळे पाणी

अंदमान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभे राहते. मधला मनोरा, त्याला चिकटलेल्या सात भुजा, एकेका माणसाची एकेक कोठडी, कोलू, काथ्या, जेलर बारीसाहेबाचा आवाज. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ने हे चित्र चार पिढ्यांच्या मनात इतके पक्के बसवले आहे की काळे पाणी आणि ती इमारत यांत फरक उरलेला नाही. तारखा समोर मांडल्या की मात्र थबकायला होते. सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात उतरले. तो तुरुंग बांधून पुरा झाला १९०६ साली. आणि कैद्यांची पहिली टोळी पोर्ट ब्लेअरच्या किनाऱ्याला लागली ती १० मार्च १८५८ रोजी. मधली अठ्ठेचाळीस वर्षे काळे पाणी होतेच. ती प्रसिद्ध भिंत तेवढी नव्हती.

या अठ्ठेचाळीस वर्षांत हजारो माणसे तिथे मेली, काहींनी संसार मांडले, एका व्हाइसरॉयचा खून झाला आणि बेटांचे मूळचे धनी जवळजवळ संपले. आपल्या आठवणीत यातले फारच थोडे आहे. म्हणून हा आढावा भिंतीपाशी संपतो, तिथून सुरू होत नाही.

बेटांवर इंग्रजांची नजर सत्तावनच्या कितीतरी आधीपासून होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई मरीनमधला लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने किनाऱ्याची पाहणी करून १७८९ साली चॅथम या छोट्या बेटावर पहिली वसाहत बसवली. बंदर उत्तम होते. तरीही आरमाराला ईशान्येकडचे दुसरे बंदर अधिक सोयीचे वाटले आणि १७९२ साली सारा पसारा तिकडे हलवण्यात आला. ती जागा रोगट निघाली. माणसे तापाने पटापट मरू लागली आणि १७९६ साली वसाहत गुंडाळावी लागली. तेव्हा तिथे सुमारे २७० कैदी होते, त्यांना पेनांगला धाडले. सुमारे साडेपाचशे मोकळे बंगाली रहिवासी होते, ते परत बंगालला गेले. पुढची साठ वर्षे जंगल पुन्हा जंगलाच्या मालकीचे झाले.

समुद्रापार धाडण्याची शिक्षा त्या काळात थांबली नव्हती, तिचे पत्ते तेवढे वेगळे होते. सुमात्रातले बेनकुलेन, पेनांग, मलाक्का, सिंगापूर, मॉरिशस, ब्रह्मदेशातले मोलमीन. हिंदुस्थानचे कैदी या सगळ्या ठिकाणी रस्ते फोडत, पूल बांधत होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातचे. मुंबई इलाख्यातल्या कैद्यांची या वाटेवरची शेवटची वस्ती म्हणजे ठाण्याचा तुरुंग, पोर्तुगीज आणि मराठे दोघांनीही वापरलेल्या किल्ल्यात थाटलेला.

ही वाहतूक उलट्या दिशेनेही चाले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. सिंगापूर-पेनांगकडचे चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणले जात. १८३४ पासून १८६४ पर्यंत तिथे त्यांचा तुरुंग होता. थंड हवेच्या त्या गावाचे रस्ते त्यांनी केले, बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी पिकवले. हिंदुस्थानी माणसाला शिक्षा म्हणून मलायात आणि मलायातल्या माणसाला शिक्षा म्हणून सह्याद्रीत, असा तो हिशेब होता. माणूस आपल्या मातीपासून तोडला की शिक्षा पुरी झाली. कुठली माती, हा प्रश्न गौण होता.

१८४४च्या नोव्हेंबरात ‘ब्रिटन’ आणि ‘रनीमीड’ ही सैन्य वाहून नेणारी दोन जहाजे वादळात सापडून अंदमानच्या किनाऱ्यावर चढली. अशा अपघातांमुळे बेटांवर पुन्हा ठाणे बसवण्याचा विचार कलकत्त्यात चालू होता. सत्तावनच्या उठावाने त्याला घाई आणली. तुरुंग फुटले होते, कैदी हजारोंनी वाढले होते, आणि बंडवाले शिपाई आपल्याकडे नकोत अशी सिंगापूरच्या गोऱ्या व्यापाऱ्यांची ओरड होती. बंगालच्या तुरुंगांचे मुख्य निरीक्षक डॉ. फ्रेडरिक मोअट यांच्या हाताखाली एक समिती नेमली गेली. ‘प्लूटो’ या आगबोटीतून तिने बेटांची फेरी केली आणि ब्लेअरच्या जुन्या बंदराचीच शिफारस केली. त्याला नाव मिळाले पोर्ट ब्लेअर. परतताना समितीने एका अंदमानी माणसाला पकडून कलकत्त्याला आणले, कपडे चढवून त्याचे फोटो काढले. तो आजारी पडला तेव्हा त्याला पुन्हा किनाऱ्यावर नेऊन सोडले. पुढे या बेटांवर काय होणार होते त्याची ती पहिली झलक.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. ज्या १८५७ साली ब्रिटिश संसदेने मायदेशातल्या कायद्यातून समुद्रापार हद्दपारीची शिक्षा काढून टाकली, त्याच सालच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या माणसांसाठी त्याच शिक्षेचे नवे ठिकाण निवडले गेले. ऑस्ट्रेलियाला जाणारे कैद्यांचे शेवटचे जहाज १८६८ साली पोहोचले. तोवर अंदमान दहा वर्षे चालू होते.

२२ जानेवारी १८५८ रोजी कॅप्टन हेन्री मॅन याने निशाण रोवले. मार्चमध्ये ‘सेमिरामिस’ जहाज पहिले २०० कैदी घेऊन आले. सोबत नौदलाच्या पन्नास शिपायांचा पहारा होता आणि सर्वांवर अधिकारी होते डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर. आग्र्याचा प्रचंड तुरुंग सांभाळलेला हा माणूस कडक म्हणून प्रसिद्ध होता. पहिला तळ चॅथमवर पडला. तिथे पाणी पुरेना, म्हणून बंदराच्या तोंडाशी असलेले रॉस बेट साफ करायला घेतले. कैद्यांच्या हाती कुऱ्हाडी आणि कोयते होते, पायांत बेड्या, आणि समोर वेलींनी विणलेले, दिवसाही अंधारे जंगल. राहायला जे काही हवे ते त्यांनीच तोडायचे आणि त्यांनीच उभारायचे. पहाऱ्याला माणसे थोडी, तरी वॉकर यांना चिंता वाटत नव्हती. चारी बाजूंना समुद्र होता.

समुद्राने माणसे अडत नाहीत हे चारच दिवसांत कळले. दानापूरला फितुरी केल्याच्या आरोपावरून आलेला नारायण नावाचा कैदी चौथ्या दिवशी चॅथमवरून पोहत निघाला. त्याला पकडले, खटला चालवला आणि फासावर चढवले. त्यानंतर माणसे टोळ्यांनी पळू लागली. तोडलेली झाडे वेलींनी बांधून तराफे करायचे आणि रात्री खाडी ओलांडायची. त्यांच्यात अशी समजूत पसरली होती की पलीकडची जमीन ब्रह्मदेशाला लागून आहे, दहा दिवस चालले की ब्रह्मी राजाचा मुलूख येतो आणि तो राजा शिपायांना चाकरीवर ठेवतो. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात वाढलेली ही माणसे. त्यांतल्या बहुतेकांनी बोटीत चढेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. बेट म्हणजे काय हे त्यांना कोण सांगणार होते?

पहिल्या तीन-सव्वातीन महिन्यांचा, जूनच्या मध्यापर्यंतचा हिशेब सरकारी कागदात आहे. आलेले कैदी ७७३. दवाखान्यात मेले ६४. पळाले ते सापडलेच नाहीत, १४०. आत्महत्या एक. पळताना पकडले जाऊन फाशी गेले ८७. उरले ४८१.

हे आकडे एकाखाली एक लिहून बेरीज केली की ती अचूक जुळते. लिहिणाऱ्याने काम चोख केले होते. दर आठ माणसांतली तीन शंभर दिवसांत नाहीशी झाली होती, आणि जितके रोगाने मेले त्याहून जास्त दोराने. कलकत्त्याच्या सरकारलाही ही फाशीची लाट सोसवली नाही, त्याने वॉकर यांच्याकडे नापसंती कळवली. तोवर ८७ माणसे गेलेली होती. सत्तावनच्या शहिदांची यादी आपण झाशी, कानपूर, दिल्लीपाशी थांबवतो. रॉस आणि चॅथमची ही माणसे तिच्यात बसायला हवीत.

पळालेल्यांचे पुढे काय झाले, ते कळते एकाच माणसामुळे. दूधनाथ तिवारी, कैदी क्रमांक २७६, झेलमच्या १४व्या पलटणीतला शिपाई. ६ एप्रिल १८५८ला तो बेटावर आला आणि २३ एप्रिलला आगा नावाच्या म्होरक्याच्या मागे, नव्वदेक जणांच्या टोळीबरोबर पळाला. दोन आठवडे ही माणसे तहानेने, भुकेने जंगलात भटकली. चौदाव्या दिवशी शंभरेक अंदमानी लोकांनी त्यांना गाठले आणि बाणांचा वर्षाव केला. दूधनाथला तीन बाण लागले. मेल्याचे सोंग घेऊन तो पडला, पुन्हा सापडला, पुन्हा मार खाल्ला. शेवटी हात जोडून उभा राहिला. का कोण जाणे, त्यांनी त्याला मारले नाही. होडीत घातले, जखमांना लाल माती लावली, डोके भादरले आणि आपल्यात ठेवून घेतले. तो वर्षभर त्यांच्यात राहिला. त्यांची भाषा शिकला. लीपा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न लावून दिले गेले.

त्या वर्षात बेटवासीयांना एवढे उमगले होते की हे पाहुणे परत जाणार नाहीत. झाडे पडत होती, डुकरांचे रान हटत होते, खाडीकाठ एकेक करून जात होता. १८५९च्या एप्रिलमध्ये त्यांनी जंगल तोडणाऱ्या कैद्यांवर दोन मोठे हल्ले केले. त्यातला एक तपशील कागदात आहे तो विलक्षण आहे. ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांना त्यांनी बाजूला व्हायला खुणावले. त्यांचा रोख कैद्यांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांवर होता. कोण राबतो आणि कोण राबवतो हे त्यांनी बरोबर ओळखले होते. मे महिन्यात त्याहून मोठा हल्ला ॲबरडीन ठाण्यावर ठरला. दूधनाथ त्यांच्यासोबतच निघाला आणि हल्ल्याच्या आधी काही तास निसटून ठाण्यावर येऊन त्याने सारे सांगितले. नौदलाचे शिपाई बंदुका रोखून तयार राहिले, किनाऱ्याजवळ जहाजावरच्या तोफा सज्ज झाल्या. धनुष्यबाणांचे काय झाले ते वेगळे सांगायला नको. १८६० साली दूधनाथला माफी मिळाली आणि तो देशी परतला. लीपा मागे राहिली.

त्याला काय म्हणावे? ज्या सरकारविरुद्ध उठल्याबद्दल जन्मठेप झाली त्याच सरकारला त्याने वाचवले, आणि ज्यांनी जीवदान दिले त्यांना तोफांपुढे दिले. पण झेलमपासून तिथवर त्याच्या वाट्याला जे आले होते ते पाहता घराची ओढ त्याच्यावर स्वार झाली असेल, हेही समजते. त्याने दिलेली जबानी हा अंदमानी लोकांच्या राहणीचा आतून पाहिलेला पहिला तपशीलवार वृत्तान्त ठरला.

१८५९च्या अखेरीस वॉकर गेले. त्यांच्या जागी आलेले कॅप्टन हॉटन सौम्य होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत टायटलर, फोर्ड, मॅन असे अधिकारी एकामागून एक आले आणि वसाहतीला घडी बसली. व्हायपर बेटावर साखळदंडाच्या कैद्यांसाठी तुरुंग आणि फाशीघर झाले. रॉसवर चर्च, बाजार, अधिकाऱ्यांचे बंगले उठले. आता नेताजींचे नाव लावणाऱ्या त्या बेटावर पाहायला मिळतात त्या त्यांच्याच पडक्या भिंती. झाडांची मुळे विटांवरून पायऱ्या उतरावीत तशी खाली आलेली आहेत आणि छप्पर म्हणून फक्त फांद्या. त्या विटांना हात लावणाऱ्याने एवढे मनात धरावे की त्या भाजणारा, वाहणारा आणि रचणारा प्रत्येक जण गळ्यात बिल्ला घालून होता.

बिल्ला लाकडाचा असे. त्यावर कैद्याचा क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. जन्मठेपवाल्याची ओळख गळ्यातल्या त्या फळीवर लोंबकळत असे. देखरेखीला टिंडल, जमादार, पेटी ऑफिसर, आणि तेही कैदीच. जुन्या कैद्याने नव्याला राबवायचे, ही युक्ती सिंगापूर-पेनांगकडून आलेली. सावरकरांच्या लिखाणातले पेटी ऑफिसर कुठून आले, याचे उत्तर तिथे आहे. ती व्यवस्था त्यांच्या आधी अर्धशतक मुरलेली होती.

राजकीय कैदी लवकरच अल्पसंख्य झाले. खून आणि दरोड्याचे गुन्हेगार देशभरातून येऊ लागले. सिंगापूर, पेनांगचे हिंदुस्थानी कैदीही १८७३ पर्यंत अंदमानात हलवले गेले. १९०१च्या शिरगणतीत कैद्यांची संख्या बारा हजारांच्या घरात होती. काळे पाणी एकट्या अंदमानपुरते मात्र नव्हते. वासुदेव बळवंत फडके यांना १८८० साली पाठवले ते एडनला, आणि तीन वर्षांनी ते तिथेच गेले.

या काळातल्या कैद्याची स्वतःची हकीकत हवी तर मौलाना जाफर थानेसरी यांच्याकडे वळावे लागते. अंबाल्याच्या वहाबी खटल्यात त्यांना जन्मठेप झाली. पंजाबातून सिंधमार्गे त्यांना मुंबईकडे आणले, ठाण्याच्या तुरुंगात ठेवले आणि तिथून जहाजात चढवले. १८६६च्या जानेवारीत ते पोर्ट ब्लेअरला उतरले. लिहितावाचता येणारा कैदी तिथे दुर्मीळ, म्हणून कारकुनी मिळाली. इंग्रज अधिकाऱ्यांना ते भाषा शिकवू लागले. तिथेच लग्न केले, ती बायको वारल्यावर दुसरे केले. दुसरी बायकोही कैदीच, अल्मोड्याकडची, जन्माने ब्राह्मण. १८८३ साली ते बायकामुलांसह पंजाबात परतले आणि उर्दूत आपली कहाणी लिहिली. याच बेटावर मौलाना फजले हक खैराबादींसारखा विद्वान १८६१ साली मेला. एकाच शिक्षेची ही दोन टोके होती.

थानेसरींचे लग्न अपवाद नव्हते, ते सरकारी धोरण होते. काही वर्षे चांगली वागणूक दाखवलेल्या पुरुषाला तिकीट मिळे. मग तो बराकीबाहेर राहून शेती करू शके, दुकान टाकू शके. सरकारी भाषेत तो सेल्फ सपोर्टर. त्याला लग्नाची मुभा असे. त्यासाठी बायका हव्यात म्हणून स्त्री-कैदी आणल्या गेल्या, त्यांची वेगळी बराक होती, आणि काही वर्षे काढल्यावर त्यांना लग्नाच्या निमित्ताने बाहेर पडता येई. अनेक इलाख्यांतून आलेल्या या बायकांपैकी कितीतरी जणी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खुनाबद्दल शिक्षा भोगत होत्या. बालविवाह आणि वैधव्याच्या त्या काळात अशा गुन्ह्यांमागे काय असे, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. दहा पुरुषांमागे एकही बाई नाही अशा त्या जगात लग्न म्हणजे सुटका होती की दुसरी कैद, हे त्या बाईच्या नशिबावर होते. त्यांच्यापैकी कुणी ‘जन्मठेप’ लिहिली नाही.

त्यांची मुले मात्र राहिली. बाप पंजाबी, आई बंगाली, शेजारी मद्रासी, बोली हिंदुस्थानी. जात विचारण्यात अर्थ उरला नव्हता. काळे पाणी ओलांडल्यावर ती बुडालीच होती. या वंशजांना आजही पोर्ट ब्लेअरमध्ये ‘लोकल बॉर्न’ म्हणतात.

बेटाच्या मूळ रहिवाशांची कहाणी याच वर्षांत दुसऱ्या दिशेने गेली. १८६३च्या जानेवारीत पहाऱ्यावरचा एक गोरा नाविक मारला गेला. दोघा अंदमानींना पकडून आणले. त्यांची नावे कुणी विचारली नाहीत, खलाशांनीच ‘स्नोबॉल’ आणि ‘जंबो’ ठेवली. नंतर चौकशीत निघाले की त्या नाविकाने अंदमानी बाईवर हात टाकला होता. पाद्री कॉर्बिन यांनी त्याच साली रॉसवर या लोकांसाठी ‘अंदमान होम’ काढले. खाणेपिणे, कपडे, तंबाखू द्यायची, इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांच्याकडून पळालेले कैदी पकडून आणवायचे. हेतू दयेचा असेल, परिणाम भयंकर झाला. १८७६ साली उपदंशाची साथ लक्षात आली, ती होमवर देखरेख करणाऱ्या कैदी-मुकादमांकडून पसरली होती. पुढच्याच वर्षी गोवर आला. ज्यांच्या रक्ताने हे रोग कधी पाहिलेच नव्हते ती माणसे गावेच्या गावे ओस टाकून गेली. १८५८ साली हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी १९०१च्या शिरगणतीत ६२५ भरले. त्यांच्यातल्या बो जमातीची भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, २०१०च्या जानेवारीत गेली.

वसाहतीचा चेहरा बदलला तो दोन प्रसंगांनी. पहिला ८ फेब्रुवारी १८७२चा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो कैद्यांची व्यवस्था पाहायला आले होते. हॅरिएट डोंगरावरून सूर्यास्त पाहून ते संध्याकाळी होपटाउनच्या धक्क्यावर उतरले आणि अंधारातून शेरअली आफ्रिदीने त्यांच्या पाठीत सुरी खुपसली. शेरअली पूर्वी पेशावरच्या आयुक्ताच्या घोडदळ पहाऱ्यात होता, रक्ताच्या वैरातून खून केल्याबद्दल आलेला. वागणूक चांगली म्हणून त्याला न्हाव्याचे काम आणि मोकळीक मिळाली होती. महिन्याभरात, ११ मार्चला, व्हायपरवर त्याला फाशी दिली. ब्रिटिश हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी एका कैद्याने मारला, तोही विश्वासातल्या कैद्याने, याचा धसका मोठा होता.

दुसरा प्रसंग कागदी, पण जास्त दूरगामी. १८९० साली लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी पाहणीला आले. त्यांना आढळले की काळ्या पाण्याची दहशत ओसरली आहे. देशातल्या तुरुंगापेक्षा पोर्ट ब्लेअर बरे, तिकीट मिळते, शेती मिळते, बायको मिळते, असे कैदी समजू लागले आहेत. त्यांनी शिफारस केली की नव्या कैद्याला आल्या आल्या काही महिने एकान्त कोठडीत ठेवावे, म्हणजे शिक्षा शिक्षा वाटेल. त्यासाठी कोठड्यांचा तुरुंग हवा. तोवर बत्तीस वर्षांत कुऱ्हाड, ताप, गोवर आणि दोर यांनी जे घेतले होते ते त्यांच्या लेखी पुरेसे नव्हते.

१८९६ साली ॲबरडीनजवळच्या अटलांटा पॉइंटवर काम सुरू झाले. राबणारे अर्थात कैदीच. दहा वर्षे लागली. जवळपास सातशे कोठड्या झाल्या, प्रत्येकीचे तोंड दुसऱ्या भुजेच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचे तोंड दिसू नये. १९०९ नंतर तिथे बाबाराव सावरकर, वामनराव जोशी आणि मग विनायकराव आले. त्या इमारतीतून बाहेर पडून खाली समुद्राकडे थोडे चालले की एक स्मारकस्तंभ लागतो. १८५९च्या मे महिन्यात तोफांपुढे धनुष्ये घेऊन आलेल्या अंदमानींचा तो आहे.